शुक्रवारी गॅरेज बंद

झिजलेला भाग हातात घेतला की तो कुठं झिजलाय हे आधी बघायचं, किती झिजलाय ते नंतर. छावणीतल्या माझ्या गॅरेजात अडतीस वर्षं मी एवढंच केलं. जुन्या मोटारसायकली उघडायच्या, संपलेलं काढायचं, चालण्यासारखं ठेवायचं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घालायची. संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहा म्हणून कळवलं आहे. गमती आहेत, एकदोन सांगतो. पण लिहायला बसलो तो त्यांच्यासाठी नाही.

जुनी गाडी नवी करणं म्हणजे रंग मारणं, असं लोकांना वाटतं. रंग शेवटी. आधी दोन-चार दिवस गाडी नुसती बघायची असते. ब्रेकचं पेडल एका कडेलाच चकाकत असेल तर चालवणारा पाय तिरका ठेवतो. मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट झाला असेल तर गाडी लांबच्या सरळ रस्त्यांवर पळालेली आहे, गल्लीबोळात नाही. मूठ, किक, सीट, सगळीकडं माणूस उमटलेला असतो.

एका डॉक्टरांचा दावा होता की त्यांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. किकचं रबर मात्र दोन जागी झिजलेलं होतं. डॉक्टर बुटाच्या चवड्यानं किक मारत. दुसरी झीज मागं होती, टाच लावणाऱ्याची, तीही चपलेची. मी म्हटलं, घरात अजून कुणीतरी चालवतं. त्यांनी चौकशी केली, तर सत्तरी ओलांडलेले त्यांचे सासरे निघाले. जावई दवाखान्यात गेला की ते गाडी काढून पडेगावपर्यंत जाऊन येत आणि टाकीवरची धूळसुद्धा पुन्हा होती तशी राहू देत. दोन दिवसांनी सासरेबुवा स्वतः गॅरेजात आले. बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. म्हणाले, "तुम्ही मेकॅनिक आहात का हवालदार?" आणि गेले. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं हसत हसत सांगत होतो. दादालाही सांगितली होती. तो हसला होता, पण नंतर त्यानं विचारलं होतं, "अजून काय काय कळतं रे तुला?"

दुसरी विद्या आवाजाची. छावणीत एक निवृत्त सुभेदार होते. दर रविवारी गाडी घेऊन यायचे, ती चालू ठेवून बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, "कुछ हुआ नहीं. सिर्फ सुन लो." मी ऐकायचो. एका सिलिंडरच्या जुन्या गाडीत ठिणगी केव्हा पडते, हवा आणि पेट्रोल किती जातं, वरच्या झडपांना फट किती आहे, यावर तिचा ठोका ठरतो. प्रत्येक गाडीचा वेगळा. रस्त्यावरून ओळखीची गाडी गेली तर मी मान वर न करता मालकाचं नाव सांगायचो. याचा मला गर्व होता. तो होता म्हणूनच पुढचं लिहावं लागतंय.

मी बी.ए. झालेला. नोकरी लागेपर्यंत म्हणून यासीनचाचांच्या गॅरेजात बसलो, तो उठलोच नाही. चाचांचं गॅरेज शुक्रवारी बंद असायचं. चाचा गेले, गॅरेज माझ्याकडं आलं, पण शुक्रवारची सुट्टी मी बदलली नाही. दारावर त्यांच्या हातची उर्दू पाटी होती, तिच्याखाली मी मराठीत लिहिलं: शुक्रवारी गॅरेज बंद. गिऱ्हाइकांना कोडं पडायचं. मी शुक्रवारी शहरातल्या वाचनालयात जायचो आणि दिवसभर तिथंच असायचो. घरच्यांना, गिऱ्हाइकांना आणि दादाला, सगळ्यांना हे माहीत होतं.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. कन्नड गावातल्या शाळेत भूगोल शिकवायचा. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिनं विचारलं, नंतर कुणीच विचारलं नाही. साडेतीनशे सीसीची एक जुनी गाडी त्यानं घेतली होती. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही, तिची धडधड सगळ्यांना माहीत आहे. लांबच्या प्रवासासाठी दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या मी बनवून दिल्या होत्या. सुट्टी लागली की दादा निघायचा. बीदर, हंपी, गोकर्ण, एकदा तर पार कच्छ. पोस्टकार्डं यायची. 'एकटाच आहे, बरं वाटतं', हे वाक्य बहुतेक कार्डांवर असायचं. परत आला की फोटो दाखवायचा. कुठल्यातरी देवळासमोर, घाटाच्या वळणावर, नदीच्या पुलावर गाडी उभी आणि तिच्याशेजारी दादा, डोळे बारीक केलेला.

दसऱ्यानंतर एका रविवारी तो गाडी माझ्याकडं घेऊन यायचा. इंजिन उघडून साफ करायचं काम त्यानं दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. येताना पेट्या आणि मागची सीट काढून ठेवायचा. या गाड्यांना मागची सीट वेगळी असते, बोल्टवर बसवलेली. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, घाटात उगाच वजन कशाला.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. मार्चमध्ये कन्नडला तो झोपेतच गेला. आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन आला. मोबाईल तेव्हा आलेले नव्हते. मी गेलो, तिथंच सगळं केलं. तेरावं झाल्यावर खोली रिकामी केली. पुस्तकं शाळेला दिली. गाडी टेंपोत घातली आणि कोपऱ्यात सुतळीनं बांधलेलं एक पोतं होतं, तेही भंगार समजून टेंपोत टाकलं.

मला लोकांत रडता येत नाही. भेटायला येणाऱ्यांशी काय बोलावं ते सुचत नाही. दुसऱ्या दिवशी मी दादाची गाडी उघडली. बाकीची कामं पुढं ढकलली आणि महिनाभर तिच्यावरच बसलो. वायरिंग ठिसूळ झालं होतं, ते सगळं नव्यानं ओढलं. क्रँकची बेअरिंग बदलली. चाकांच्या तारा एकेक करून ताणल्या. टाकीला काळा रंग दिला आणि त्यावर सोनेरी रेघ ओढायला जुन्या नाक्यावरच्या पेंटरला बसवलं. श्वास रोखून ओढावी लागते ती रेघ.

सगळ्यात जास्त दिवस आवाजाला लागले. दादाला गाडी हळू लागायची. ठिणगी किंचित उशिरा पडेल असं टायमिंग तो मागून घ्यायचा. त्यानं गाडीची ताकद थोडी कमी होते, हे त्याला मान्य होतं. उभ्या गाडीचा ठोका इतका सावकाश पडायचा की आता बंद पडणार असं वाटावं, आणि पाच-सहा ठोक्यांनंतर एक चुकायचा. "विचार करत चालते," असं तो म्हणायचा. नव्या बेअरिंगांवर तो ठोका पुन्हा आणणं सोपं नव्हतं. मी कार्ब्युरेटर अकरा वेळा काढून बसवला. बाराव्या वेळी गाडी चालू केली आणि ती दादासारखी बोलायला लागली. मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि तेव्हा काय रडायचं ते रडलो.

गुरुवार होता. फक्त मागची सीट राहिली होती. ती कुठं असेल म्हणून ते पोतं उघडलं.

सीट होती. पेट्यांच्या पट्ट्या होत्या. आणि त्यांच्याखाली साडीगार्ड आणि लेडीज फुटरेस्ट.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साडीतली बाई मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसते. पदर आणि निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून डाव्या बाजूला जाळी लावतात, ती साडीगार्ड. दोन्ही पाय टेकवायला तिच्याखाली एक आडवी पट्टी असते, ती लेडीज फुटरेस्ट. बाकीच्यांना ते भंगार वाटलं असतं. मी ते हातात घेतलं आणि सवयीनं बघितलं कुठं झिजलंय ते.

रबराला दोन खळगे होते. पुढचा खोल, मागचा उथळ. बसणारीचा एक गुडघा दुखत असणार, भार सगळा दुसऱ्या पायावर. ही झीज वर्षा-दोन वर्षांची नव्हती. पट्टी मूळ गाडीची नव्हतीच. नेहमीपेक्षा चार बोटं खाली आणि दुप्पट रुंद, मुद्दाम बनवून घेतलेली. चार बोल्टांची डोकी पान्यानं घासून गोल झाली होती. ती पुन्हा पुन्हा काढली आणि बसवली गेली होती. केव्हा काढत असतील, हे कळायला मला क्षणभरही लागला नाही. माझ्याकडं येण्याआधी.

मी खाली बसलो. हातातली वस्तू ठेवावी हेही सुचलं नाही. घाटातलं वजन कमी करायला नव्हे, मला वाचता येतं म्हणून तो दर वर्षी हे चार बोल्ट काढत होता. दर वर्षी. आणि ते फोटो! वीस वर्षं मी ते फोटो बघत आलो. निर्जन घाटात, पुलावर, एकट्या माणसाचे. ते काढत कोण होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ज्याला किकच्या रबरावरून परक्या घरातला सासरा कळतो, त्याला हे दिसलं नव्हतं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. जी कोण असेल, तिला कुणी कळवलं असेल? तिच्याबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे कुणीच कळवलेलं नव्हतं. दीड महिना झाला होता. मी ठोका जुळवत बसलो होतो आणि कुठंतरी कुणीतरी वाट बघत होतं.

शोध घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. पट्टी स्टीलची होती आणि जोड आर्गन वेल्डिंगचे. त्या काळी हे काम रस्त्यावरच्या वेल्डरकडं होत नसे, कारखान्यातच व्हायचं. जोडावर एकावर एक बारीक लाटा असतात, माशाच्या खवल्यांसारख्या. या लाटा उलट्या दिशेनं गेल्या होत्या. डावखुऱ्याचं काम. माझ्या ओळखीत असा हात एकाच माणसाचा होता, हमीदचा. चार वर्षं माझ्याकडं काम करून तो चितेगावच्या एका कारखान्यात लागला होता आणि सुट्टीच्या दिवशी घराशेजारच्या शेडमध्ये बाहेरची कामं करायचा.

कन्नडहून चितेगावला जायचं तर छावणीवरून, माझ्या दारावरूनच जावं लागतं. रस्त्यावरच्या गाड्या मान वर न करता ओळखणाऱ्याच्या दारावरून. दादा कुठल्या वारी जात असेल ते मला पाटी न बघताही कळलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, हमीदच्या कारखान्याचीही सुट्टी. मी बसनं जायला हवं होतं. पैठण रस्त्यानं तासाला दोन-तीन बसगाड्या जातात. पण गाडी तयार होती, तिला लांबची चाचणी द्यायची होती, आणि हातानं केलेलं काम हमीदला दाखवावं असंही मनात कुठंतरी होतं. ते खोटं कशाला सांगू. सीट आणि फुटरेस्ट जागच्या जागी बसवून मी दादाच्या गाडीवर निघालो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी अशी धुऊनपुसून, तेलपाणी करून केली.

चितेगावच्या गल्लीत शिरून हमीदच्या शेडपुढं गाडी स्टँडवर लावली. इंजिन चालूच ठेवलं, आमच्या धंद्यातली सवय. शेडमधून हमीद हसत बाहेर आला, काळा चष्मा कपाळावर चढवत.

"क्या सर, कित्ते दिनां..." म्हणाला आणि थांबला. माझ्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, परत माझ्याकडं. "उस्ताद, तुम? सर किधर हैं?"

मी सांगितलं. तो शेजारच्या लाकडी खोक्यावर बसला. केव्हा, म्हणून त्यानं विचारलं. दीड महिना झाला म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"और तुम आज आरै?"

मला काही माहीत नव्हतं, असं मी म्हणालो.

"तुमकू नै मालूम?" त्याचा विश्वासच बसेना. "मेरेकू लगा, तुमकू सब मालूम रैता. सर हर जुम्मे कू आते थे. सिस्टर के घर."

सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स, पूर्वी कन्नडला होत्या, असं तो सांगू लागला. पण बोलता बोलता त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली आणि तो उठून उभा राहिला.

समोरच्या घराच्या दारात साठीची एक बाई आमच्याकडं पाठ करून कुलूप लावत होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून पाण्याच्या बाटलीचं झाकण वर आलेलं. कुलूप ओढून बघत, मागं न बघता ती बोलत होती.

"सहा शुक्रवार झाले. मी मोजलेत. काय झालं होतं ते नंतर सांगा. पैठण येईपर्यंत मी आज एक शब्द बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते."

मग ती वळली.

त्या क्षणाबद्दल लिहायचं मी अनेक वर्षं टाळलं. ती किंचाळली नाही, पडली नाही. चेहऱ्यावर रागाचं जे लटकं सोंग होतं ते तसंच राहिलं, फक्त त्यामागचं सगळं निघून गेलं. मधे गाडी तिच्या चालीनं ठोके टाकत होती आणि पाच-सहा ठोक्यांनंतर एक चुकत होती. बंद करायचं मला सुचलंच नव्हतं.

ती गाडीपर्यंत आली. माझ्या हातांकडं, नखांतल्या काळ्या तेलाकडं बघून म्हणाली, "तुम्ही विनायक." मग न बघता हात घातला आणि किल्ली फिरवली. मला तरी ती चाचपडून शोधावी लागते.

घराचं कुलूप तिनं पुन्हा काढलं. आम्ही आत बसलो. भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता, शाळेतला, कापडावर चिकटवलेला. मी बोलायला सुरुवात केली, पण तिला फारसं सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई. झोपेतच का, म्हणाली. हो म्हटलं. चष्मा लावलेलाच होता का? हो म्हटलं. "म्हणजे वाचता वाचता गेले," ती म्हणाली आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

नवऱ्यानं तिला तरुणपणीच टाकलं होतं. तो जिवंत आहे का नाही हेही तिला माहीत नव्हतं. हे तिनं स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. मला एकच विचारायचं होतं, आणि तो प्रश्न त्या वेळी विचारण्यासारखा नव्हता, तरी विचारला. दादानं हे माझ्यापासून का लपवलं?

"मी दर वर्षी म्हणायची, भावाला सांगा," ती म्हणाली. "ते म्हणायचे, विनायकला कळलं की तो दुरुस्तीला घेईल."

ते खरं होतं. मी वकील गाठला असता, तिच्या नवऱ्याचा पत्ता लावला असता, दोघांना चारचौघांत उभं केलं असतं.

"आमचं काही बिघडलेलं नव्हतं हो," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, आवाज कुणी लावला. मी म्हणालो, मी.

"हुबेहूब लावलात."

आयुष्यात माझ्या कामाला पुष्कळ जणांनी चांगलं म्हटलं. हे ऐकून मात्र मला तिथून उठून जावंसं वाटलं. सहा शुक्रवार ती रागावून, काळजी करून, पुन्हा रागावून बसली असेल. तरीही त्या प्रत्येक शुक्रवारी तिच्याजवळ एक जिवंत माणूस होता. मी तिच्या दारात येऊन त्याला परत आणला आणि दोन मिनिटांत नेला. बसनं आलो असतो तर निदान हे झालं नसतं.

निघताना मी म्हटलं, काही लागलं तर कळवा. ती हो म्हणाली. असल्या बोलण्याला लोक म्हणतात तसं. ती दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

मी गाडी स्टँडवरून काढली. किल्ली फिरवून पाय किकवर ठेवला. अॅमीटरचा, म्हणजे बॅटरीच्या डायलचा, काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच दाबली, जशी या गाडीला दाबावी लागते. आता एक पाय मारला की झालं. आणि मला कळलं की गाडी चालू झाली की ती ऐकणार. लांब जाताना ऐकणार. गल्लीतून, नाक्यावरून, पैठण रस्त्याला लागेपर्यंत.

मी पाय खाली घेतला, किल्ली बंद केली आणि गाडी ढकलायला लागलो. तेव्हा माझं वय पंचावन्न, गाडीचं वजन पावणेदोनशे किलो. मागं कुणाचा तरी हात लागला म्हणून बघितलं तर हमीद होता.

"काय झालं?" तिनं दारातून विचारलं. "चालू होत नाही का?"

"नाही," मी म्हणालो. "बिघडली."

माझ्या हातची चालती गाडी मी बिघडलेली म्हणून सांगितली ती तेवढी एकदाच. आम्ही दोघं गाडी ढकलत गल्लीच्या बाहेर आलो, पिठाची गिरणी मागं टाकली, शेवटचं घरही मागं गेलं. पैठण रस्ता आला. माझा सदरा पाठीला चिकटला होता. मी थांबलो आणि पुन्हा किकवर पाय ठेवला.

हमीदनं हँडलवर हात ठेवला.

"और थोडा आगे लेओ, उस्ताद," तो म्हणाला. "इत्ते दूर से तो सिस्टर पैचान लेती."